एका डिशवर तीन टीव्ही

मी एक जुनी डिश आहे, मित्रांनो. भिलाईच्या वैशाली नगरात, एका गच्चीवर आकाशाकडे तोंड करून बसलेली, आठ फूट रुंद. इथं मला कोणी छत्री म्हणतं, कोणी तवा म्हणतं. समोरच्या गल्लीतल्या एक आजी तर मला बरेच दिवस पाण्याची टाकी समजत होत्या आणि हिला झाकण कसं नाही म्हणून काळजी करत होत्या. मी त्यांना दोष देत नाही. गच्चीवर उताणं पडून राहणं हेही काम असू शकतं, हे पाहणाऱ्याला पटणं कठीणच.

पण ते काम आहे. फार उंचावर, एकाच जागी थांबल्यासारखे उपग्रह असतात. ते खाली लहरी पाठवतात. इथवर येता येता त्या लहरी इतक्या अशक्त होतात की नुसत्या टीव्हीला त्यांचा पत्ताही लागत नाही. मी माझ्या आठ फुटांत पडतील तेवढ्या गोळा करते आणि माझ्या समोर तीन पायांवर उभा असलेला एक भोंगा आहे, त्यात टाकते. भोंग्यातून वायर निघते ती घरातल्या रिसीव्हर नावाच्या डब्यात जाते आणि डब्यातून चित्र टीव्हीत जातं. मी फक्त हलायचं नाही. बोटभर जरी सरकले तरी खाली पडद्यावर मुंग्याच मुंग्या.

माझा जन्म जवळच्याच हथखोजच्या एका लहान कारखान्यात झाला. तिथं फायबरच्या टाक्या आणि पत्रे बनायचे. दयाराम नावाच्या कारागिरानं साच्यावर काचतंतूचं कापड अंथरलं, त्यात तारेची बारीक जाळी बसवली आणि ब्रशनं वरून रसायन पाजलं. त्या रसायनाचा वास असा, की घरी गेल्यावर भातालाही तोच वास येतो, असं तो सांगायचा. मी तयार झाले तेव्हा कारखान्याचा मालक म्हणाला, हिला जरा चमकदार रंग दे, गिऱ्हाईक खूश होईल. दयारामनं मान हलवली. "नइ मालिक, एला चमकाना नइ हे." आणि त्यानं माझा पांढरा चेहरा मुद्दाम मंद, खडूसारखा ठेवला. का, ते मला तेव्हा समजलं नाही. पुढं चांगलंच समजलं.

मी आले ते घर दोन भावांचं होतं. थोरले कृष्णराव इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये, रूळ बनवणाऱ्या रेल मिलला फोरमन होते. धाकटे शेषराव टाइम ऑफिसमध्ये क्लार्क. वर्ध्याकडची माणसं, पण वडील प्लांट उभा राहत होता त्या वर्षांत इकडे आले आणि इकडचेच झाले. दोघा भावांनी मिळून हे घर बांधलं: छप्पर एक, भाग दोन. डावीकडे कृष्णराव आणि अन्नपूर्णाबाई, उजवीकडे शेषराव आणि शालू. मध्ये एक आतलं दार. त्या दाराला कडी होती, पण ती लावलेली कोणी पाहिली नव्हती, कारण त्या दारातून तुळसाबाई ये-जा करायच्या.

तुळसाबाई म्हणजे दोघा भावांची आई. गुडघे गेलेले, नजर मंद. भिंतीला हात लावत लावत त्या सकाळी थोरल्याकडे जेवायच्या, दुपारी धाकट्याकडे चहा प्यायच्या. कुठल्या भागात आहोत हे त्यांना कधी विचारावं लागत नसे. पायाखालची फरशी सारखीच होती.

प्लांटच्या माणसाला कुठलीच वस्तू हलकी बांधता येत नाही. माझ्यासाठी कृष्णरावांनी चार इंची पाइप उभा केला, खाली काँक्रीट ओतलं, ओळंबा लावून दोनदा तपासलं. "वावटळ आली त घर जाईन, डिश नाही जात," असं म्हणाले. आणि मी दोघांची आहे, हे कोणाला सांगावं लागू नये म्हणून त्यांनी मला गच्चीच्या बरोबर मधोमध बसवलं. चांगल्या मनानं केलेल्या कामातूनही पंचाईत उभी राहते, ती अशी.

पहिली दोन वर्षं माझं फार कौतुक झालं. टीव्ही एकच होता, कृष्णरावांच्या बैठकीत. रविवारी दारात इतक्या चपला पडायच्या की पोस्टमनला अंगणातूनच हाक मारावी लागे. मग शेषरावांनी स्वतःचा टीव्ही आणि स्वतःचा रिसीव्हर घेतला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बोटानं चॅनेल बदलावंसं वाटणं यात वाईट काय आहे? दुसरी डिश कशाला, ही आहेच की दोघांची, असं म्हणून एका सुटीच्या दिवशी ते शिडी घेऊन वर आले. कृष्णरावांच्या वायरींना त्यांनी आपल्या वायरी पीळ देऊन जोडल्या, वर काळी टेप गुंडाळली आणि हात झटकत खाली गेले. दोन पंखे एका बटणावर चालतात, तसंच हे चालेल, असा त्यांचा हिशेब.

इथं तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी, मित्रांनो. लहरी दोन तऱ्हेच्या असतात: काही उभ्या येतात, काही आडव्या. काही चॅनेल उभ्या लहरींवर, काही आडव्यांवर. माझ्या भोंग्यात तेव्हा एक लहानसा काटा होता, आगपेटीतल्या काडीएवढा. रिसीव्हरनं हुकूम दिला की एक मोटर त्या काट्याला फिरवायची. उभं चॅनेल हवं तर काटा उभा, आडवं हवं तर आडवा. एका वेळी एकच. आता त्या एका काट्याला दोन घरांचे हुकूम यायला लागले. डावीकडून क्रिकेट, उजवीकडून सिनेमा. काटा बिचारा मध्येच थरथरत उभा राही, आणि दोन्हीकडे मुंग्या.

खाली कोणाला काटा दिसत नव्हता. खाली दिसत होता फक्त भाऊ.

"शेषराव! कावून बदलून राहिला बे? मॅच चालू हाये इथं!" कृष्णराव आतल्या दारातून ओरडायचे.

"मी माह्या टीव्हीचं चॅनेल बदलून राहिलो दादा. तुमच्या टीव्हीले हातबी नाही लावला."

"मंग माह्यावाला कसा गेला?"

"मले काय मालूम? तुमी बदलता तवा माह्याबी जातेच ना! मी कधी बोललो?"

"बोलशील कसा? टीव्ही तुहा असन, डिश कोणी उभी केली?"

हे शेवटचं वाक्य मला वर ऐकू आलं. मी कोणाची, हा प्रश्न त्या घरात पहिल्यांदाच विचारला गेला होता.

त्या दिवसापासून शेषरावांनी एक वही केली. टाइम ऑफिसचा माणूस; उशिरा आलेल्यांची नोंद ठेवायची सवय बोटांत भिनलेली. कोणत्या तारखेला, किती वाजता, आपण कोणतं चॅनेल पाहत असताना 'दादांनी' कोणतं लावून चित्र घालवलं, हे सगळं रेघा मारून लिहिलेलं. दीड महिन्यात वही निम्मी भरली. कृष्णरावांना वहीचं कळलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. ते बोलायचेच थांबले. मग शेषरावही थांबले. जावा एकमेकींशी भाजीपुरतं बोलायच्या, तेही थांबलं. आतल्या दाराची कडी पहिल्यांदा लागली, आणि तुळसाबाई दुपारी चहाच्या वेळी दारावर हात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या.

पावसाळा सरता सरता अंगणात विटा येऊन पडल्या. भय्याजी मिस्त्री येऊन दोरी लावून गेला. आतलं दार बुजवायचं, तिथून अंगणात आणि वर गच्चीत सरळ भिंत घ्यायची, असं ठरलं. गच्चीवर त्याची दोरी थेट माझ्या पाइपावर आली.

"हिले काढाच लागन," भय्याजी म्हणाला.

"काढू," कृष्णराव म्हणाले. "दसऱ्याले मुहूर्त हाये. त्याच्या आधी काढून टाकू."

दोघं खाली उतरले तेव्हा तुळसाबाई खाटेवरून म्हणाल्या, "दार बुजवलं त मी शेषरावकडं कशी जाऊ? रोडनं फिरून? या गुडघ्यानं?"

भय्याजी दोरी गुंडाळू लागला.

"मंग ठरवून टाका, म्हातारी कोनाच्या भागात ठेवाची ते. अन् ज्याच्या भागात नाही येत, त्याले आतापासूनच सांगा, का तुही माय मेली."

मला तोडतील याचं भय वाटलं, हे खोटं कशाला सांगू? पण मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्यापेक्षा त्या बंद दारावरच्या हाताचंच जास्त वाटत होतं. भांडण माझ्या पोटात होतं, आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं.

बोलली ती अन्नपूर्णाबाई. सातवीपर्यंत शिकलेली. पण इस्त्री, मिक्सर, शिलाईची मशीन, गल्लीतल्या कोणाचंही काही बंद पडलं की ती आधी उघडून बघायची आणि मग विचारायची. तिनं नवऱ्याला म्हटलं, "दसऱ्यापर्यंत डिशले हात नाही लावाचा. मले पाहू द्या."

"तुले काय समजते त्यातलं?"

"समजत नाही म्हणून त पाहाचं म्हणते. समजलं असतं त पाहाची काय गरज होती?"

दुसऱ्या दिवशी पुरुष ड्यूटीवर गेले आणि ती शिडी घेऊन गच्चीवर आली. शिडी डगमगती. खाली धरायला कोणी तरी हवं. तिनं कठड्यावरून उजवीकडच्या अंगणात वाकून हाक मारली.

"शालू! येतं का? शिडी धराची हाये."

चार महिन्यांतली पहिली हाक. शालू कपडे वाळत घालत होती. हातातला कपडा तिनं आधी झटकून दोरीवर टाकला. मग ती वर आली, पदर खोचला आणि शिडी धरली.

"पडल्या त माह्यं नाव नका घेऊ बाई," ती म्हणाली.

"पडली त तुह्यावरच पडीन. नाव कशाले पाहिजे?"

शालू हसली नाही, पण शिडी तिनं जास्त घट्ट धरली.

अन्नपूर्णाबाईनं भोंग्याचं झाकण काढलं आणि आत डोकावली. मग शालूला आळीपाळीनं दोन्ही घरांत पाठवून चॅनेल बदलायला लावलं. काटा फिरताना तिनं पाहिला. काटा थरथरतानाही पाहिला. मग मागच्या वायरींकडे वळली, काळी टेप सोडली, पीळ दिलेली गाठ बघितली आणि पुन्हा टेप गुंडाळून ठेवली. गाठ कोणाच्या हातची आहे हे तिनं ओळखलं. त्याबद्दल ती तेव्हाही बोलली नाही आणि नंतरही कधी बोलली नाही.

खाली उतरल्यावर तिनं शालूला विचारलं, "भाऊजींची ती वही कुठं हाये?"

शालूचा चेहरा उतरला. "जाऊ द्या ना बाई ते."

"भांडाले नाही मांगत. कामाची हाये ती. आण."

दोघी गच्चीच्या सावलीत बसल्या. शालू वाचत गेली आणि अन्नपूर्णाबाई दोन रकान्यांत खुणा करत गेली. दीड महिन्याची भावाविरुद्धची तक्रार होती ती. पण शेषरावांनी इतकी प्रामाणिकपणे लिहिली होती, की त्यातून खरं काय ते आपोआप बाहेर आलं. काही चॅनेलांच्या जोड्या वहीत एकदाही नव्हत्या; ती दोन्ही घरांत एकाच वेळी सुखानं चालत होती. भांडण व्हायचं ते ठरावीक जोड्यांवरच. जोडीतलं एक चॅनेल दर वेळी उभ्या काट्याचं, दुसरं आडव्या काट्याचं.

"कोणी मुद्दाम नाही करून राहिलं," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "शालू, आमचे बाबा राजहराच्या रेल्वे लाइनवर होते, तुले सांगितलं ना? लाइन सिंगल. इकडून खनिजाची मालगाडी, तिकडून पॅसेंजर. ज्या डायवरच्या हातात स्टेशनमास्तरचा लोखंडी गोळा, त्याचीच गाडी जाणार. दुसऱ्यानं कितीबी शिटी मारू दे, स्टेशनात उभाच राहीन. इथं डायवर दोन अन् गोळा एक."

"मंग चूक कोनाची?"

"डायवरची त नाही."

"मंग आता कसं कराचं?"

"कसं म्हणजे? डबल लाइन टाकाची."

दुर्गच्या दुकानदारानं तिचं बोलणं निम्म्यात तोडलं. "भाभीजी, एक डिश पर एक टीवी. दूसरा चाहिए तो दूसरी डिश लगवा लीजिए." ती म्हणाली, "दूसरी डिश लगेगी तो बीच की दीवार भी लगेगी." दुकानदाराला काही कळलं नाही. तो दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला.

मग ती हथखोजला गेली. दयारामनं तिचं ऐकून घेतलं, मान हलवत हलवत. आधी त्यानं माझी चौकशी केली, हे तिनं परत आल्यावर शालूला सांगितलं आणि मी वर ऐकलं. एवढं पुरे झालं मला. मग त्यानं माळ्यावरून एक धुळीनं भरलेला भोंगा काढला. नमुना म्हणून कोणी तरी आणून टाकलेला. त्याला मागं दोन कान होते. एका कानात उभ्या लहरी जातात, दुसऱ्यात आडव्या. दोन्ही सगळा वेळ चालू. काटा नाही, मोटर नाही, कोणाचा हुकूम नाही.

"ये मा तीन टीवी चल जाही का भइया?" तिनं विचारलं होतं.

"होही दीदी, काबर नइ होही?" म्हणजे, का नाही होणार?

तीन कोणते, ते शालूलाही तेव्हा माहीत नव्हतं. तिसरा तुळसाबाईंचा. नुकतेच मराठी कार्यक्रम आकाशातून यायला लागले होते, पण ते आडव्या लहरींवर. बैठकीत नेमकं तेव्हाच काही तरी महत्त्वाचं चालू असायचं. म्हातारीच्या नातवंडांची भाषा निम्मी हिंदी झाली होती. "घरात मराठी बोलाले मी एकलीच राहिली," असं त्या म्हणायच्या. अन्नपूर्णाबाईनं अडगळीतला लहान ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही काढला आणि एक बंद पडलेला रिसीव्हर मिळवून तो चालू केला.

बेत असा होता: दोन कानांना दोन एलएनबी, म्हणजे लहरी धरून वायरीत ढकलणारे डबे. दोन्हींच्या वायरी एकेका वाटणाऱ्या डबीत, आणि तिथून तिन्ही खोल्यांत प्रत्येकी दोन वायरी. रिसीव्हरच्या आधी एक लहान बटण. उभं हवं तर वर, आडवं हवं तर खाली. कोणी काहीही बघा, दुसऱ्याच्या चित्राला धक्का नाही.

ऑक्टोबर लागला तेव्हा दोघींनी नवा भोंगा बसवला. वायरी ओढायच्या राहिल्या होत्या. दसरा अजून दूर होता. दुपार व्हायला आली म्हणून दोघी जेवायला खाली गेल्या, आणि बाराच्या सुमारास मी पेटले.

तुम्ही म्हणाल, कशी? ऐका. सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा असते. भिलाईत त्या दिवशी प्लांटमधल्या एकेका मशीनला आंघोळ, रंग आणि हळद-कुंकू मिळतं. भंगारात जायचं ठरलेल्या मशीनलाही. कृष्णराव सकाळी गच्चीवर आले होते, एकटेच. मला काढायचं त्यांनीच ठरवलं होतं, तरी पूजेच्या दिवशी मला तशीच सोडणं त्यांच्या जिवावर आलं. प्लांटमधले वाफेचे पाइप ज्यानं रंगवतात तो चांदी रंग त्यांनी माझ्या तोंडाला लावला. दोन हात, एकही थेंब न सांडता. मग कुंकू लावलं आणि खाली गेले. मला तर वाटलं, आता मी नवरी झाले.

पण ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य दुपारी बरोबर उपग्रहाच्या मागं येऊन उभा राहतो. मी मंद पांढरी होते तोवर ऊन माझ्यावर पडून विखरून जायचं. आता मी आरशासारखी झाले होते. आठ फुटांचं सगळं ऊन मी इमानेइतबारे गोळा केलं आणि नेमकं भोंग्यात टाकलं. शिकवलंच होतं तसं मला. झाकण वितळून आत लोंबलं, एका एलएनबीतून धूर निघाला.

अन्नपूर्णाबाईनं वर येऊन ते पाहिलं. शालूच्या डोळ्यांत पाणी आलं. "संपलं बाई. आता कुठून?"

"थांब. आधी हे कावून झालं ते पाहू दे."

दुसऱ्या दिवशी, बाराच्या आधी, ती एका काठीला जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा बांधून पुन्हा शिडीवर. भोंग्याच्या तोंडाशी कागद धरला. कागदावर रुपयाएवढा झगझगीत डाग पडला, पिवळा झाला, आणि धूर निघाला. तिनं काठी खाली टाकली, वळली आणि माझ्या चंदेरी तोंडाकडे बघत राहिली. तिला राग आला असेल. पण ती हळूच म्हणाली, "एवढ्या मायेनं लावला होता त्यायनं."

संध्याकाळी तिनं दोन्ही भावांना गच्चीवर बोलावलं. दोघं आले, दोन टोकांना उभे राहिले. तिनं जळका कागद दाखवला आणि काय झालं ते सांगितलं.

कृष्णराव म्हणाले, "आमी प्लांटमध्ये सगळं चांदीनंच रंगवतो. काई होत नाही."

"पाइपाले काई होत नाही. ही पाइप नाही."

त्यांनी जळका कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. शेषराव काही तरी बोलायला तोंड उघडत होते. अन्नपूर्णाबाईनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, मग माझ्या मागच्या काळ्या टेपकडे पाहिलं, आणि पुन्हा त्यांच्याकडे. शेषरावांनी तोंड मिटलं.

तिनं दोघांच्या हातात एकेक रेजमाल ठेवला. खरखरीत, वाळूचा कागद. "अर्धी तुमची, अर्धी भाऊजींची. घासा."

तीन संध्याकाळी ते दोघं मला घासत होते. एक डावीकडून, एक उजवीकडून, एक शब्द न बोलता. मला दुखलं, मित्रांनो. पण असं दुखणं मी रोज सोसलं असतं. तिसऱ्या दिवशी घासत घासत दोघं मधोमध आले आणि हात एकमेकांना लागले. दोघांनी हात मागं घेतले. मग कृष्णरावांनी उरलेला रंग आपल्या बाजूनं घासला, आणि शेषरावांच्या बाजूचाही थोडा.

दयारामनं नवं झाकण फायबरचं घडवून दिलं. जळालेल्या एलएनबीच्या जागी दुसरी मिळेपर्यंत दसरा उजाडला.

सकाळीच भय्याजी मिस्त्री आला, माल कालवायला बसला. मुहूर्त अकराचा. वर अन्नपूर्णाबाई शेवटच्या वायरी जोडत होती, शिडीला शालू. खाली आतल्या दाराची कडी काढून तुळसाबाई उंबऱ्यात येऊन बसल्या, बरोबर जिथं पहिली वीट ठेवायची तिथं.

"आजी, बाजूले व्हा ना," भय्याजी म्हणाला. "टाइम होऊन राहिला."

"तू बांध. मी काय तुले नाही म्हणून राहिली?"

"तुमच्यावरून कसा बांधू?"

"मंग थांब. वर माह्या दोन सुना काम करून राहिल्या, तुले दिसत नाही?"

अकराला दहा मिनिटं कमी असताना अन्नपूर्णाबाईनं वरून हाक मारली, "लावा!"

तीन खोल्यांत तीन टीव्ही लागले. कृष्णरावांकडे चित्र आलं. शेषरावांकडे आलं. खरी परीक्षा अजून व्हायची होती, आणि ती दोघांना मिळूनच द्यायची होती. कृष्णराव बटणावर बोट ठेवून उभे राहिले. मग त्यांनी चॅनेल बदललं. उभ्यावरून आडव्यावर.

माझ्यात थरथरायला आता काही उरलं नव्हतं, तरी मी थरथरले.

उजवीकडून शेषरावांचा आवाज आला. आधी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखा. "गेलं नाही." मग मोठ्यानं: "दादा! गेलं नाही!"

"नाही गेलं?"

"नाही! अजून बदला!"

कृष्णरावांनी बदललं.

"आता?"

"हायेच! फष्टक्लास हाये! आता मी बदलतो, तुमी पाहा!"

"बदल!... हाये! हाये बे शेषराव, हाये!"

दोन मोठी माणसं, एकाच्या डोक्यावर टक्कल, दुसऱ्याला चष्मा, पंधरा मिनिटं नुसती चॅनेल बदलत आणि ओरडत होती. काही बघत नव्हती. म्हातारीच्या खाटेजवळच्या लहान टीव्हीवर कोणी बाई मराठीत भाजीची कृती सांगत होती, आणि तुळसाबाई उंबऱ्यावरूनच तिला सांगत होत्या, "मीठ आताच नोको टाकू बाई, पाणी सुटन."

अकरा वाजून गेले. भय्याजीचा माल सुकायला लागला. तो म्हणाला, "साहेब, दिवाल?"

कृष्णराव दारात आले. आईकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. "चहा पिऊन जाय," ते म्हणाले. "भिंतीचं... पाहू."

ते 'पाहू' अजून चालू आहे.

त्यानंतर अन्नपूर्णाबाईला वैशाली नगरात आणि प्लांटच्या वसाहतीतल्या सेक्टरांतूनही बोलावणी यायला लागली. भावाभावांची, भाडेकरू-मालकांची, व्याही-व्याह्यांची. एक डिश, दोन घरं, तीन घरं. ती आणि शालू बसनं जायच्या, पिशवीत पकड, टेप आणि एक वही घेऊन. प्रत्येक ठिकाणी ती आधी शिडीच मागायची.

आता नव्वदचं दशक संपत आलंय. गल्लीत खांबाखांबावरून केबल आली आहे, आणि मला फारसं काम उरलेलं नाही. माझ्यात पावसाचं पाणी साचतं, चिमण्या आंघोळ करतात. बोल्टांना गंज चढलाय. केबलवाल्यानं एकदा विचारलं, ही काढू का? दोन्ही भाऊ एकदमच "नाही" म्हणाले आणि मग एकमेकांकडे बघून ओशाळले. मला तेवढं पुष्कळ आहे. वर्षातून एकदा बोल्टाला थेंबभर तेल दिलंत, साचलेलं पाणी उपसलंत, तर मी अजून बरीच वर्षं तुमच्या डोक्यावर भार न होता बसेन. आणि कृपा करून मला चमकवू नका.

पण मित्रांनो, माझं खरं मागणं वेगळं आहे. दोघांच्या वस्तूत बिघाड झाला, की लगेच समोरच्या माणसाकडे बघू नका आणि विटाही मागवू नका. शिडी लावा. वर चढून झाकण उघडा आणि आत काय चाललंय ते स्वतः बघा, समजेपर्यंत बघा. आणि चढताना शिडी धरायला कोणाला तरी बोलवा. शक्यतो, ज्याच्याशी तुमचं भांडण आहे, त्यालाच.